मंगोलियात मेतकूट

मंगोलियात माणसं पस्तीस लाखांच्या घरात आणि मेंढ्या, शेळ्या, घोडे, गाई, उंट मिळून जनावरं सहा कोटींच्या आसपास. म्हणजे माणशी पंधराहून जास्त. हा हिशेब मी निघण्यापूर्वीच केला होता. पण बायको म्हणाली, "तिथे तुझ्यासारख्या शाकाहाऱ्याची उपासमार होईल," त्यामुळे जाणं भागच पडलं. बॅगेत मेतकुटाची बरणी मात्र तिनेच कोंबली.

उलानबातरमध्ये माझा बाणा शाबूत राहिला. तिथे चक्क शाकाहारी हॉटेलं आहेत. पंचाईत झाली ती माळरानावर, 'गेर'मध्ये, म्हणजे तिथल्या जाड लोकरी तंबूत. आजीबाईंनी त्सुइवान वाढलं. नूडल्स आणि मटण. मला मांस चालत नाही, असं मी दुभाष्याकडून कळवलं. आजींनी माझ्याकडे कणवेने पाहिलं, ताट आत नेलं, मटणाचे तुकडे वेचून काढले आणि तेच ताट परत आणलं. पाहुणा आजारी दिसतोय म्हणून सोबत वाडगाभर गरम सूप. ते कसलं, हे विचारायची गरज नव्हती.

मी चहावर भिस्त ठेवली. तो खारट निघाला! वर तवंग. "हे काय तरंगतंय?" दुभाषा म्हणाला, "मांस नाहीये, काळजी नको. मेंढीच्या शेपटीची चरबी आहे."

मग मी बरणी उघडली. तिथे पाहुण्याशी तपकिरीच्या बाटल्यांची देवघेव करायची रीत आहे. आजोबांनी आपली बाटली मघाशीच पुढे केली होती, आता माझी पाळी आहे असा त्यांचा समज झाला. मी "अहो, अहो" करेपर्यंत त्यांनी मेतकुटाची सणसणीत चिमूट नाकात ओढली. त्यानंतरच्या शिंका बाहेरच्या घोड्यांनीही ऐकल्या असाव्यात. डोळे पुसत त्यांनी आणखी थोडं मागितलं.

माझा उन्हाळा निवडण्याचा निर्णय मात्र अचूक होता. हिवाळा मांसाचा, पण उन्हाळ्यात तिथे दुधादह्याचा सुकाळ असतो. आरूल नावाचे दह्याचे वाळवलेले खडे आले; दाढेने माघार घेतली. शेवटी आलं ऐराग, घोडीचं आंबवलेलं दूध. दूध म्हणजे शाकाहारी! आंबवल्याने त्यात किंचित मद्य उतरतं, ही माहिती दुभाष्याने मी वाडग्यावर वाडगे रिचवल्यावर दिली. जन्मभर निर्व्यसनी असलेल्या मी त्या रात्री अख्ख्या कुटुंबाला 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणून दाखवलं, टाळ्यांसकट.

आजींचं म्हणणं दुभाष्याने मला सकाळी सांगितलं: सूप लागू पडलं.