एम.ए. अंकल

"मला एम.ए. करायचं आहे," असं मी एका रात्री जेवताना जाहीर केलं. बायकोने आमटी वाढता वाढता विचारलं, "ऑफिसात सक्ती केलीय का?"

सक्ती नव्हती. साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पंप बनतात, आणि पंपाला आजवर इतिहास, तत्त्वज्ञान किंवा सौंदर्यशास्त्राची गरज पडलेली नाही. गरज मला होती. 2025च्या फेब्रुवारीत दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. याआधीचं दिल्लीतलं संमेलन 1954 सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. म्हणजे मी हे चुकवलं असतं तर पुढचं बघायला बहुधा नसतोच. तेव्हा गाझियाबादमधल्या आमच्या इंदिरापुरमहून तालकटोरा स्टेडियम गाठलं. अध्यक्षस्थानी लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर होत्या. मी दोन पिशव्या पुस्तकं विकत घेतली, एका परिसंवादात मान डोलावली, आणि परतताना मेट्रोत माझी खात्री पटली की मी मुळात कलाशाखेचाच माणूस. नजरचुकीने मेकॅनिकलला गेलो.

ही नजरचूक तशी माझी नव्हे. आमच्या कराडात त्या काळी दहावीला चांगले मार्क पडलेल्या मुलाने आर्ट्सचा फॉर्म आणला तर घरात अंगारा लावत. आईला फोनवर एम.ए.चं सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आर्ट्स? अरे, तुला गणितात किती पडले होते, आठवतंय का?" तीस वर्षं नोकरी, दोन बढत्या आणि एक बायपास झालेल्या माणसाला आईने अकरावीच्या प्रवेशासारखं सांभाळून घेतलं. "नीट विचार कर. अजून वेळ गेलेली नाही."

वेळ गेलेली नाही हे बायकोला पटवण्यासाठी मी चौधरी चरणसिंहांना मदतीला घेतलं. गाझियाबादची बहुतेक कॉलेजं ज्या मेरठच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते 1965चं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. "हे बघ," मी म्हणालो, "हा माणूस आधी सायन्सचा पदवीधर. मग एम.ए. झाला. मग वकिली करायला आला कुठे? गाझियाबादला! आणि 1979मध्ये पंतप्रधान."

"एम.ए. कधी झाले?"

"1925."

"जन्म?"

"1902."

"तेविशीत झाले," ती म्हणाली आणि ताक आणायला आत गेली.

इंजिनिअर माणसाला इच्छा झाली की तो आधी तक्ता करतो. मी एक्सेल उघडलं. आडव्या रकान्यांत विद्यापीठ, विषय, अंतर, मेट्रो किती वेळा बदलायची, फी, वयाची अट आणि शेवटी 'मनाचा कौल, दहापैकी'. कारखान्यात पुरवठादार निवडायलाही आम्ही असाच तक्ता करतो. तिथे मनाच्या कौलाला 'वितरणाची विश्वासार्हता' म्हणतात.

पहिली ओळ राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची. बहावलपूर हाऊस, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पंधरा वर्षं तिथे संचालक असलेले इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे. मनाचा कौल दहापैकी दहा. वयाची अट तीस. ओळ लाल केली.

दुसरी ओळ घराजवळची होती. आमच्याकडून हायवे ओलांडला की नोएडाचं सेक्टर 62, आणि तिथे भारतीय वारसा संस्था, म्हणजे पूर्वीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था. कलेचा इतिहास, जतनशास्त्र आणि संग्रहालयशास्त्र यांत तिथे एम.ए. करता येतं. मी बायकोला म्हणालो, जुन्या वस्तू शास्त्रशुद्ध जपायच्या, नोंदी ठेवायच्या, त्यांना धूळ आणि ओल लागू द्यायची नाही. तिने बोट नुसतं वर केलं. वर आमचा पोटमाळा आहे. तिथे माझा इंजिनिअरिंगचा ड्रॉइंग बोर्ड, बंद पडलेले दोन मिक्सर आणि कराडहून आणलेला, इथे कधीच न पेटवलेला बंब आहे. "आधी प्रात्यक्षिक कर," ती म्हणाली. ही ओळ पिवळी.

तिसरी ओळ काश्मिरी गेटची. तिथल्या आंबेडकर विद्यापीठात चित्रपट, प्रयोगकला असे विषय एम.ए.ला आहेत आणि गाझियाबादच्या नव्या बस अड्ड्यावरून निघणारी रेड लाइन मेट्रो न बदलता तिथवर सोडते. म्हणून तिथे मी प्रत्यक्ष जाऊन आलो. आवारात दारा शुकोहच्या ग्रंथालयाची इमारत आहे. आता तिथे फाळणीचं संग्रहालय आहे. मी त्या इमारतीच्या खांबांपुढे बराच वेळ उभा राहिलो. शाहजहानच्या या थोरल्या मुलाने उपनिषदांचं फारसीत भाषांतर केलं, 1657मध्ये. म्हणजे थोरल्याने आर्ट्स घेतलं आणि धाकट्याने प्रशासन. दोन वर्षांनी धाकटा तख्तावर होता आणि थोरला जिवंत नव्हता. हा प्रसंग आईला सांगायचा नाही, असं मी तिथेच ठरवलं.

चौथी ओळ जेएनयूची. कला आणि सौंदर्यशास्त्र यांसाठी तिथे वेगळं स्कूलच आहे, चित्रपट, रंगभूमी, दृश्यकला सगळं एका छताखाली. त्यातच जुलै 2025मध्ये तिथे कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृतीचं विशेष केंद्र सुरू झालं, आणि आमच्या मराठी मंडळातले एक काका मागेच लागले. "मराठीतच शिका हो. घरचा विषय!" तीच तर भीती होती. सौंदर्यशास्त्रात नापास झालो तर विषय अवघड होता म्हणता येतं. मराठीत नापास झाल्यावर गणेशोत्सवात सूत्रसंचालन कुठल्या तोंडाने करणार?

दिल्ली विद्यापीठ काय, जेएनयू काय, आता वाट सीयूईटी-पीजी नावाच्या एकाच परीक्षेतून जाते. पंचाहत्तर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. मी हसलो. ज्याने इंजिनिअरिंगची गेट परीक्षा दिली आहे, त्याला इतिहासाचे पर्याय काय घाबरवणार? रविवारी सकाळी दार लावून घेतलं, मोबाइलवर गजर लावला आणि इतिहासाचा सराव पेपर सोडवला. एकही प्रश्न सोडला नाही. चौदा बरोबर, एकसष्ट चूक. एकूण गुण उणे पाच.

आता यातलं खरं दुःख गणित येणाऱ्यालाच कळेल. डोळे मिटून कुठल्याही पर्यायावर बोट ठेवत गेलं, तर चारांत एक बरोबर येतो आणि तीन चुकतात. चार मिळतात, तीन जातात, एक हाती उरतो. म्हणजे पूर्ण पेपरात अजाण बालकालाही सरासरीने अठरा-एकोणीस गुण पडायला हवेत. मी डोळे उघडे ठेवून, विचार करून, अनुभवाच्या जोरावर त्या बालकापेक्षा चोवीस गुणांनी मागे होतो. आईला माझे गणिताचे मार्क का आठवत होते, ते त्या दिवशी समजलं.

दिल्लीचे रस्ते असे बंद झाल्यावर मी गाझियाबादच्याच एका कॉलेजात चौकशीला गेलो. फॉर्म भरायचे दिवस होते. खिडकीपुढे रांग, रांगेत मुरादनगर, डासना, लोणीची मुलं-मुली, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. माझ्या हातात लॅपटॉपची बॅग. माझा नंबर आल्यावर आतल्या बाबूने मान वर न करता विचारलं, "बच्चे का नाम?"

"बच्चा नहीं, मैं."

"आप क्या?"

"एम.ए."

त्याने चष्मा कपाळावर चढवून मला पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्यालाही पाहू दिलं. मग सौजन्याने विचारलं, "रेगुलर या प्राइवेट?"

"नहीं जी, प्राइवेट नहीं," मी ठामपणे म्हणालो. "सरकारी ही चाहिए."

मागची रांग हसली. माझ्यामागे मोदीनगरची एक मुलगी उभी होती, तिला माझी दया आली. प्राइवेट म्हणजे खाजगी कॉलेज नव्हे, तिने समजावलं. वर्गात यायचं नाही, घरी अभ्यास करायचा, फॉर्म भरून परीक्षेला बसायचं. आपण ज्याला बहिःस्थ म्हणतो ते. ती स्वतः तेच करत होती, समाजशास्त्रात.

"समाजशास्त्र आवडतं?" मी विचारलं. माझा तक्ता आवडीवर उभा होता.

"आवडतं भूगोल," ती म्हणाली. पण भूगोलाला प्रात्यक्षिकं असतात, म्हणून तो प्राइवेट करता येत नाही. रेगुलर करायचा तर रोज यावं लागतं. नमो भारत गाडी झाल्यापासून मोदीनगर जवळ आलं खरं, पण रोजचं भाडं परवडायला हवं, आणि बसने यायचं तर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंधार. घरचे रोज पाठवायला तयार नाहीत. गावात पुस्तकं आणि शिकवणी होती ती समाजशास्त्राची. "तो यही ले लिया." पुढचा सगळा बेत तिच्याकडे पाठ होता: एम.ए., मग प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, ती झाली नाही तर बी.एड., आणि मधल्या काळात राज्यातल्या शिक्षकभरतीचे फॉर्म. माझ्या तक्त्यातले 'अंतर' आणि 'फी' हे दोनच रकाने तिने भरले होते, आणि तेवढ्यावर विषय ठरला होता.

मी तिला माझे उणे पाच सांगितले. का सांगितले कोण जाणे; रांगेत माणूस मोकळा होतो. ती हसली नाही. "अंकल जी, तुम्ही नेटच द्या," ती म्हणाली. "त्यात मायनस मार्किंग नाही. आणि असिस्टंट प्रोफेसरला वयाची अटही नाही." मग सहज विचारावं तसं, "आपका सब्जेक्ट कौन सा है?"

"अजून ठरवतोय," मी म्हणालो.

"अब तक?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी येऊन मी तक्ता पाहिला. एकेचाळीस ओळी. त्यात भर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022पासून एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलेली. म्हणजे मला एक ठरवता येत नव्हती आणि आयोग दोन घे म्हणत होता. खरं सांगायचं तर तक्ता संपूच नये असं मला वाटत होतं. जोवर मी निवडत होतो तोवर मी एकाच वेळी इतिहासकार, नाट्यसमीक्षक आणि तत्त्वज्ञ होतो, आणि पार्टीत तसं सांगतही होतो.

तक्ता शेवटी उपयोगी पडला, पण भलत्यालाच. बारावी सायन्सला असलेल्या माझ्या मुलीने तो एका दुपारी शांतपणे वाचला आणि म्हणाली, "बाबा, मस्त आहे. मला पण समाजशास्त्र करायचंय. बी.ए.पासूनच." मी तिला ओरडलो नाही. मी सुधारलेला बाप आहे. रात्री सगळे झोपल्यावर मी फक्त तिच्यासाठी तक्त्यात एक नवा रकाना घातला, जो माझ्या वेळी मला सुचलाच नव्हता: पगार. सकाळी तिने तो रकाना खोडून फाइल परत पाठवली होती.

तिचं ठरलं, तेव्हा मलाही ठरवणं भाग पडलं. दुसऱ्या दिवशी मी मुक्त विद्यापीठात इतिहासाला नाव घातलं. दिल्लीत मैदानगढीला 1985पासून इग्नू आहे, प्रयागराजला राजर्षी टंडन मुक्त विद्यापीठ आहे, आणखीही आहेत. मी कुठल्या, ते सांगत नाही. त्यांचं नाव खराब व्हायला नको. पुस्तकांचं पार्सल आलं, त्याचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. गृहपाठ हाताने लिहायचे होते. गेली कित्येक वर्षं मी हाताने फक्त सही करतो, त्यामुळे पहिल्या पानावर मनगट दुखलं आणि दुसऱ्या पानावर अक्षर मलाच लागेना. झेरॉक्सवाल्याने, मी काही न विचारता, हलक्या आवाजात म्हटलं, "सॉल्व्ड भी मिलता है, सर. हैंडराइटिंग लेडीज़ वाली चाहिए या जेंट्स?" मी बाणेदारपणे नकार दिला आणि स्वतः लिहिलं. तपासून आलेल्या वहीवर लाल शाईत एकच शेरा होता: "उत्तर अच्छा है. प्रश्न पढ़ लिया करें."

परीक्षेचं केंद्र एका कॉलेजात होतं. मी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात सवयीने कारखान्याचं ओळखपत्र, अशा थाटात वर्गात शिरलो आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. एका मुलाने खिडकीतून काहीतरी बाहेर टाकलं. कुजबुज झाली, "फ्लाइंग है, फ्लाइंग!" मी भरारी पथकाचा साहेब नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला; तोवर मी तिसऱ्या बाकात अंग घालायचा प्रयत्न करत होतो आणि पोट आड येत होतं. ज्याने खिडकीबाहेर टाकलं होतं तो पूर्ण तीन तास माझ्याकडे रागाने बघत होता.

पण पेपर सोपा होता. निदान मला तसा वाटला. मी लिहीत सुटलो. पुरवणी मागितली. पर्यवेक्षकांनी कौतुकाने पाहिलं. दोन पुरवण्या मागणारा त्या वर्गात मी एकटाच. आयुष्यात प्रथमच मला वाटलं, आईने आता यावं आणि हे पाहावं.

मागून पेनने पाठीत टोचलं. "अंकल," एक आवाज कुजबुजला, "तीसरा वाला ज़रा दिखा दो."

मला नियम माहीत होते. पण पंपाच्या दुनियेत, घरात, मंडळात, आजवर कुणीही माझ्या आर्ट्सच्या उत्तरावर विश्वास टाकला नव्हता. मी काहीच केलं नाही. फक्त अक्षर नीट दिसावं म्हणून पाठ ताठ केल्यासारखं करत जरा डावीकडे झुकलो.

थोडा वेळ गेला. मग पुन्हा पेन टोचलं.

"अंकल," तो म्हणाला, "तीसरे में दूसरे का उत्तर लिख रहे हो."

मी घड्याळ पाहिलं आणि तिसरी पुरवणी मागितली.