छपरावर कोणी चढलेलं नाही

फ्रिस्को, टेक्सास
मे महिना, रविवार

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

कणीक भिजवून झाकून ठेवलीय, तेवढ्या वेळात लिहिते. पार्सल पोचलं. कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळ्या, सगळं शाबूत. फक्त मेतकुटाची पिशवी फुटली आणि आईने ती बाबांच्या ज्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळली होती, तो सगळा पिवळा झाला. मशीनमध्ये टाकायला काढला आणि परत घडी करून कपाटात ठेवला. समीर हसतोय, हसू दे.

मंजूचं जमलं हे वाचून बरं वाटलं. मुलगा चिपळूणचा म्हणजे बंडूकाकाला नाव ठेवायला जागा नाही. तरी तो काहीतरी शोधेलच.

आता बाबांचा फोन. ‘गारा पडल्या म्हणतेस, मग जावईबापूंना सांग, शिडी लावून वर बघून या.’ बाबा, इथलं छप्पर म्हणजे लाकडी फळ्यांवर ठोकलेले डांबरी पत्रे, त्यांवर बारीक खडी चिकटवलेली. गारांनी ती खडी सुटते. तशा उतारावर पाय ठेवला की जावईबापू थेट गुलाबाच्या वाफ्यात. म्हणून जमिनीवरूनच पाहायचं. कुठे विजेची तार लोंबतेय का, हे सगळ्यात आधी. असेल तर लांब राहून कंपनीला फोन. मग रस्त्यापलीकडून दुर्बीण. समीरने पक्षी बघायला घेतली होती ती, पहिल्यांदाच कामी आली. पन्हळीच्या नळाच्या तोंडाशी काळ्या खडीचा ढीग होता, एसीच्या बाहेरच्या पेटीची जाळी चेपली होती. पत्र्याच्या धुराड्यावर पोचे दिसले की डांबरावरही मार बसलाय असं समजायचं.

मग भर दुपारी टॉर्च घेऊन माळ्यावर. तिथे लाकडी वाशांवरच पाय द्यायचा, मधे नुसता छताचा पातळ पुठ्ठा असतो. पाय चुकला तर माणूस झोपायच्या खोलीत वरून उतरतो. ओल नाही, उजेडाचं भोकही नाही. सगळ्याचे तारखेसकट फोटो काढलेत.

(पोळ्या झाल्या. चिनूने पहिली फणसपोळीबरोबर खाल्ली. पोळीबरोबर पोळी!)

‘विमा आहे ना, मग काळजी कसली?’ असं आई म्हणाली. आई, खाली बस आणि वाच. गारा-वाऱ्याच्या नुकसानीत पहिला वाटा आपला, आणि तो नुकसानीच्या नव्हे, घराच्या विम्याच्या रकमेवर. आमचा दोन टक्के. घराचा विमा चार लाख डॉलरचा, म्हणजे आठ हजार डॉलर आधी आम्ही मोजायचे. रुपये करू नकोस. केलेस ना? बाबांना सांगू नकोस.

गारा वितळतात न वितळतात तोच दारात छपरवाले. एक तर चिनूच्या वाढदिवसाला आल्यासारखा हसत आला. ‘तुमचा वाटा आम्ही सोडून देऊ, एक पैसा लागणार नाही.’ समीर विरघळत होता. शेजारच्या तेलुगू काकांनी कुंपणावरून हाक मारून सांगितलं, की २०१९ पासून टेक्सासात हे बेकायदा आहे. वाटा भरल्याची पावती विमा कंपनी मागू शकते. आणि गंमत ऐका, या राज्यात केस कापायला परवाना लागतो, छप्पर घालायला लागत नाही! एवढं करून नव्या छपराचा रंग कॉलनीच्या मंडळाला विचारून ठरवायचा. आपल्याकडे ग्रामपंचायत बरी म्हणायची.

शेवटी विम्याचा माणूस आला, त्याने स्वतःची शिडी लावली. वर दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखून प्रत्येक माराभोवती खडूने गोल काढले. चिनूला वाटलं रांगोळी घालतोय. निकाल अजून यायचाय.

गारा पडल्या त्या रात्री वादळाचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही जिन्याखालच्या कपाटात बसलो होतो. इकडची चिकणमाती फुगते-आटते, म्हणून घरांना तळघर क्वचितच. वर गारांचा ताशा चाललेला, आणि मला एकदम आपल्या ओटीवरचा पाऊस आठवला. कौलातून गळायला लागलं की आई पातेली मांडायची आणि बाबा कुठल्या पातेल्यात जास्त पाणी साठतं यावर पैज लावायचे. चिनूला सांगताना माझा गळा दाटला. त्याने ‘आई, गारांना घाबरलीस?’ विचारलं, मी हो म्हटलं.

आता बाबा, खरं सांगा. वानरांनी फोडलेली कौलं परवा तुम्ही स्वतः चढून बदललीत म्हणे, या वयात! आईने सगळं सांगितलंय. बंडूकाकाच्या गड्याला बोलवा. काकाशी भांडण विहिरीवरून आहे, गड्याशी नाही. पावसाआधी एकदा सगळी कौलं परतून घ्या, मजुरी मी पाठवते. आठ हजारांपुढे ती काय!

आत्याचा गुडघा कसा आहे? मंजूच्या लग्नाची तारीख दिवाळीनंतरची धरायला सांगा, तेव्हा तिकिटं जरा उतरतात. आणि आई, माझ्या निळ्या पैठणीचा ब्लाउज उसवून ठेव, दोन बोटं तरी सोडावी लागतील.

तुमची,
सुमी