पावतीवर ‘संशोधन’ लिहा

नागभीड तालुक्यात तळोधीच्या बाजूला पेरजागड आहे. गावातली माणसं त्याला सात बहिणींचा डोंगर म्हणतात. डोंगराला बहिणींचं नाव आपण दिलं. बहिणींच्या दुखण्यासाठी डोंगर चढायची रीत मात्र पाडली नाही.

जगात ती रीत आहे. १९९५ साली स्तनांच्या कर्करोगातून वाचलेल्या अमेरिकन बायकांचं एक पथक अर्जेंटिनातल्या अकोंकाग्वावर चढाईला गेलं. शिखराची उंची सहा हजार नऊशे मीटरच्या वर. या रोगावरच्या संशोधनाकडे लोकांचं लक्ष वळवायचं आणि त्यासाठी पैसा उभा करायचा, हा हेतू. अशा चढाईचा हिशेब सोपा असतो. चढणारीने चढायचं आणि ओळखीच्या लोकांनी तिच्या नावाने रक्कम कबूल करायची. मीटरमागे एक रुपया धरला तरी एव्हरेस्टचे ८,८४८ होतात. शंभर माणसांनी कबूल केले तर आठ लाख चौऱ्याऐंशी हजार आठशे.

चढणारे आपल्याकडे नाहीत, असं तर कुणी म्हणूच नये.

*

मे २०१८. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे, विकास सोयाम. देवाडा, बोर्डा, जिवती या नावांचा उच्चारही मुंबईतल्या बातमीदारांना त्या आठवड्यात शिकावा लागला. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून दहा विद्यार्थी गेले होते. बर्फ कधी न पाहिलेल्या या मुलांनी दार्जिलिंग आणि लडाखमध्ये सराव केला आणि जगाच्या छतावर पाय ठेवला. त्यांतली एक मुलगी होती, हे मी पुन्हा एकदा लिहितो. मनीषा धुर्वे.

त्याच वर्षी जानेवारीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांना पद्मश्री जाहीर झाली होती. राणीताई चंद्रपूरची लेक, आणि त्यांचं काम गडचिरोलीत. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. म्हणजे एका जुन्या जिल्ह्याच्या अंगणात एकाच वर्षी दोन शिखरं आली. एक गिर्यारोहणाचं, दुसरं स्त्रियांच्या आरोग्यावरच्या संशोधनाचं. आपण दोन्हींचे सत्कार केले. दोन्हींची गाठ मात्र मारली नाही.

ती गाठ आता मारावी, एवढंच या आठवड्याचं मागणं.

*

राणीताईंचं शिखर किती उंच, ते आकड्यांत सांगतो.

१९८६ मध्ये बंग दांपत्य गडचिरोलीत आलं आणि ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेचं काम सुरू झालं. त्या काळात सरकारी कागदावर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. बाई गरोदर नसेल तर तिच्या शरीराची चौकशी करायचं कुणाला कारण नव्हतं. राणीताईंनी दोन खेड्यांतल्या बायकांना विचारलं, त्यांना तपासलं, प्रयोगशाळेत नमुने पाहिले. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला.

अभ्यासात ६५० बाया होत्या. त्यांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. आणि त्याआधी अशी तपासणी व उपचार मिळालेल्या बाया फक्त ८ टक्के.

यातला मला सगळ्यात जास्त टोचणारा आकडा वेगळाच आहे. ४५ टक्के बायांची काही तक्रारच नव्हती. ‘कसं आहे, माय?’ ‘बरं आहे, काही नाही.’ अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते, ओटीपोटात कळ येते, हे सारं बाईच्या जन्मासोबत येतंच, असं आईने सांगितलेलं असतं आणि आईला आजीने. जी गोष्ट प्रत्येकीला होते ती आजार वाटत नाही, आणि काही आजार तर त्रास न देता आतल्या आत वाढत असतात.

आता सांगा, तक्रार नसलेली बाई शिबिराला कशाला येईल?

*

म्हणून शिबिरांबद्दल स्पष्ट बोलतो. आठ मार्चला मंडप पडतो. रक्तदाब मोजतात, हिमोग्लोबिन पाहतात, लोहाच्या गोळ्या देतात. ते काम गरजेचं आहे, आणि भर उन्हात ते करणाऱ्या सिस्टरबाईंबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण शिबिर तिच्यापर्यंतच पोचतं जी स्वतः चालत येते. संशोधन न आलेलीच्या दारात जातं. पुढच्या महिन्यात पुन्हा जातं, वर्षाने पुन्हा. गोळ्या दिल्या त्यांचं काय झालं, हेही विचारतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये तसं झालं. गावातल्याच आरोग्यदूत बाया घरोघरी बाळंतिणींच्या उशाशी बसल्या. ७७२ बाळंतपणांची नोंद झाली. निम्म्याहून अधिक बायांना कळा सुरू झाल्यापासून बाळंतपणानंतरच्या काळापर्यंत कधी ना कधी त्रास झालेला आढळला, आणि बराचसा त्रास बाळ झाल्यानंतरचा होता. बाळ रडलं की आपण बाळंतपण पार पडलं म्हणतो. बाईचं अवघड वळण पुढेच असतं, हे त्या नोंदींनी दाखवलं. २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

हे असं दारात जाणं, बसणं, विचारणं आणि लिहिणं याला पैसा लागतो. रुग्णवाहिका दान करता येते, तिच्यावर नाव रंगवता येतं. प्रश्नावर नाव रंगवता येत नाही. म्हणून प्रश्नाला दाता मिळत नाही.

*

आता डोंगराकडे परत येऊ, कारण आपल्या जंगलभागात डोंगराचा आणि बाईच्या रक्ताचा थेट संबंध आहे.

एव्हरेस्टच्या माथ्यावर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम एक तृतीयांश. धडधाकट माणूसही तिथे सिलिंडर पाठीवर घेऊन जातो. आणि सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत असह्य वेदना उठतात. गोंड, माडिया, परधान समाजात हा आजार पिढ्यांपिढ्या चालत आला आहे. म्हणजे एकाच आश्रमशाळेच्या एकाच बाकावरची एक मुलगी एव्हरेस्ट चढू शकते आणि तिच्या शेजारच्या मुलीसाठी तीच उंची जिवावरची ठरू शकते.

त्या शेजारच्या मुलीला उद्या दिवस जातील. सिकलसेलमध्ये गरोदरपण म्हणजे जास्त रक्तक्षय, जास्त जंतुसंसर्ग, कळांचे जास्त झटके, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची भीती. सपाट जमिनीवर, आपल्याच घरात, तिचा एव्हरेस्ट नऊ महिन्यांचा असतो. तिच्यासोबत शेर्पा नसतो. भामरागडकडे पावसाळ्यात नदी फुगली की तिला खाटेवर घालून, खांद्यावर उचलून रस्त्यापर्यंत आणावं लागतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांवरचं केंद्र आपल्या चंद्रपुरात आहे. २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियानही सुरू झालं. आपल्या पोरीबाळींचं रक्त ज्या आजाराने वाकतं, त्याचा अभ्यास आपल्याच गावात होऊ शकतो. मग आपला रुपया तिथे का नसावा?

*

तर सात बहिणींचा डोंगर चढू या. वर्षातून एकदा, हिवाळ्यात. तिथे आग्या मोहोळं आहेत, वाघाचा वावर आहे, म्हणून वनविभागाची परवानगी आणि वनरक्षक सोबत हवेतच. फटाके नाहीत, डीजे नाही. चार अटी मात्र आताच ठरवू.

पहिली, चढाईचा खर्च देणगीतून निघणार नाही. टोपी, टी-शर्ट, नाश्ता ज्याचा त्याने करावा. जमलेला रुपया पूर्ण पुढे जाईल, आणि हिशेब त्याच महिन्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल.

दुसरी, पुढे बाया चालतील. आशाताई, दाया, आश्रमशाळेच्या मुली. पुढाऱ्यांनी मागे चालावं, घाम सगळ्यांचा सारखाच असतो.

तिसरी, विषय बायांनी ठरवावा. काय शोधायचं हे वर्गणी देणारा सांगणार नाही. एटापल्लीच्या बाईला कुर्माघरात पाळीचे दिवस काढताना काय होतं, हे तिने सांगावं. जिवतीच्या बाईला पाण्याचे हंडे वाहताना अंग बाहेर येतं का, हे तिने सांगावं. शास्त्रज्ञांनी त्या सांगण्याला प्रश्नाचं रूप द्यावं.

चौथी, उत्तर परत गावात यावं. तपासलेल्या प्रत्येक बाईला तिचा निकाल तिच्या बोलीत, गोंडीत, माडियात, झाडीबोलीत कळावा आणि उपचारही मिळावा. रक्त घ्यायचं आणि निघून जायचं, हे संशोधन नव्हे.

*

मला विचारतील, दोनशे-चारशे माणसांच्या रुपयाने काय होणार? ६५० बायांच्या अभ्यासात काय आढळलं ते वर लिहिलं आहे. दोन खेड्यांतल्या त्या आकड्यांनंतर जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना गरोदर नसलेल्या बाईकडेही पाहावं लागलं. संशोधनात संख्या नंतर येते, आधी कुणीतरी विचारावं लागतं.

माझी पहिली पावती फाडा. एकेका बहिणीचे शंभर, असे सातशे रुपये. पावतीवर ‘महिला आरोग्य’ एवढंच लिहून सोडू नका, त्याखाली शिबिर येईल, मंडप येईल, हार येतील. ‘संशोधन’ असं लिहा, सुवाच्य अक्षरात.

‘बरं आहे, काही नाही’ म्हणणाऱ्या त्या ४५ टक्के बायांच्या दारात कुणा एकीला तरी दुसऱ्यांदा पाठवायचं आहे. हे सातशे तिच्या एसटीच्या भाड्याचे.