आपलं साधंच

रत्नागिरीत नानांना जेवायला बोलावणं सोपं, वाढणं कठीण.

नाना म्हणजे कुणी एकच गृहस्थ नव्हेत. टिळक आळीत ते नाना असतात, झाडगावात आप्पा, मिरकरवाड्यात तात्या, राजिवड्याला चाचा. आळी बदलली की ताट बदलतं. कुळथाच्या पिठल्याच्या जागी सुक्या बांगड्याचं तिखलं येतं. पण पाटावर बसताना उच्चारायचं वाक्य गावभर एकच: "आपल्याला काय, साधंच लागतं."

आम्हांला जवळून माहीत आहेत ते पिठल्याचे नाना. बाहेर पाऊस लागलेला, लाइट गेलेली. अशा वेळी काकूंवर दया येऊन ते म्हणतात, "अगो, आज काही घाट घालू नकोस. पिठलं-भात टाक." नानांच्या हिशेबी हे दहा मिनिटांचं काम. आता कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून मग दळलेलं असायला हवं, हे ओघानं आलंच. आपल्याआधी गिरणीत कुणी गहू दळला असेल, तर म्हणे नानांना पहिल्या घासाला कळतं. फोडणीत लसूण ठेचलेली हवी, चिरलेली नको. आमसूल गेल्या मोसमातलं. पिठलं असं, की ताटात पळता कामा नये आणि ठाण मांडून बसताही कामा नये. वर ओलं खोबरं. भात मऊ, त्यावर घरचं तूप. "आणि तळणीत तेल आहेच तर एक पोह्याचा पापड टाक. आणि ती सांडगी मिरची. जराशीच."

हा पापड आणि ही मिरची एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळली, तेव्हा कावळे हाकलायला काकू होत्या. आमसुलांसाठी रातांबे फोडून त्यांच्या साली त्यांच्याच रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, हेही त्यांनीच केलं. नाना त्या वेळी ओटीवर बसून हापूसचा भाव कसा पडला ते सांगत होते. थोडक्यात, जे जेवण नाना आत्ता सुचल्यासारखं मागतात, त्याची तयारी गेल्या उन्हाळ्यापासून चालू असते.

आणि पंचाईत अशी, की नानांचं चुकतं म्हणावं तर तेही जमत नाही. हे जेवण खरोखरच अप्रतिम लागतं. गणपतीपुळ्याच्या वाटेवर पाहुण्यांसाठी उकळणाऱ्या लाल रश्शातल्या पनीरला त्या पिठल्यापुढे उभं राहण्याची हिंमत नाही. खर्च म्हणाल तर फारसा नाहीच. नारळ परसातला, कोकम परसातलं, फुकटची काकू घरातली. नानांचा स्वतःच्या साधेपणावर इतका विश्वास आहे, की थिबा राजाचं दुःखसुद्धा ते त्यातूनच समजावतात. ब्रह्मदेशाचा हा राजा 1886 पासून 1916 साली मरेपर्यंत रत्नागिरीत कैदेत होता, 1910 साली त्याला राजवाडाही बांधून मिळाला. "राज्य गेलं म्हणून नाही झुरला तो," नाना ठामपणे सांगतात. "तीस वर्षं इथे राहून त्याला कुणी घावन-घाटलं वाढलं नसणार."

नानांचा साधेपणा खरा फुलतो तो प्रवासात. मुंबईला निघायचं तर गाडी मांडवी एक्स्प्रेस. तिच्यातल्या खाण्याचं कौतुक करणारी माणसं मुंबईपासून मडगावपर्यंत भेटतात. नाना मात्र वडे-कटलेटवाल्याकडे ढुंकून पाहत नाहीत. "बाहेरचं कशाला? सुटसुटीत काहीतरी घेऊ." गाडी दुपारची असली तरी या सुटसुटीतपणासाठी काकू चारला उठतात. तिखटामिठाच्या पुऱ्या तळून गार कराव्या लागतात. गरम भरल्या तर डब्यात वाफ धरते आणि पुऱ्या लोळागोळा होतात. दशम्यांचं पीठ दुधात भिजवायचं, म्हणजे त्या दुसऱ्या दिवशीही मऊ. ओलं खोबरं कोकणच्या दमट हवेत टिकायचं नाही, म्हणून चटणी सुक्या खोबऱ्याची. दहीभात तर चक्क वेळापत्रक बघून करतात: पहाटे मऊ भात कोमट दुधात कालवायचा, चमचाभर विरजण लावायचं, म्हणजे डब्यातच दही लागतं आणि जेवणाच्या वेळेला आंबट होत नाही. शिवाय तळलेले गरे, फणसपोळी, फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी. साडेसहाला नाना डोळे चोळत येतात. "एवढ्या पहाटे उठून काय करतेस गो?"

गाडी सुटल्यावर नानांचा नियम एकच: करबुड्याचा बोगदा ओलांडल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हा कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. नियम केला त्या माणसानं अंतराचा विचार केलेला नसावा. गाडी अंधारात शिरते, चाकांचा आवाज घुमतो आणि त्या आवाजातही स्टीलचं झाकण निघाल्याचं शेजारच्यांना कळतं. कारण पाठोपाठ लसणीचा वास येतो. उक्षी येईपर्यंत दोन पुऱ्या संपलेल्या असतात. मग नाना समोरच्या बाकावर पुरी-चटणी पोचवतात. "घ्या हो, साधंच आहे." पुरी घेणाऱ्याला सोबत इतिहासही घ्यावा लागतो. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला, त्याआधी एस.टी.च्या रातराणीनं जाताना कशेडी घाटात जी शिदोरी टिकायची, तीच खरी शिदोरी. काकू खिडकीशी डुलक्या घेत असतात. त्यांना हे पाठ आहे.

नानांच्या मुलानं लग्न करून नागपूरची सून आणली. नाना-काकू त्यांच्या डोंबिवलीच्या घरी पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "नाना, रात्री काय करू?"

"काही नको गो. आपलं साधंच."

मुलगी सरळ. तिनं मुगाची खिचडी केली, ताटात वाढली, लिंबाची फोड ठेवली आणि स्वतःही जेवायला बसली. नानांनी वाटी शोधली. वाटी नव्हती. पापडाचा डबा कुठल्या फळीवर असेल याचा त्यांनी नजरेनं अदमास घेतला. मुलगा मान खाली घालून जेवत होता. काकूंनी खिचडी दोनदा मागून घेतली आणि सुनेला म्हणाल्या, "छान झालीय. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही बघ."

दुसऱ्या दिवशी सुनेनं पुन्हा विचारलं. नानांनी खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "एक कागद दे."