तोंड फिरवायला दौंडच

रेडिंग,
ऑगस्टअखेर

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मुद्दाम हाताने लिहिते आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींच्या वर काही पाठवलं की अण्णा त्याखाली अंगठा उमटवतात आणि मग आईला विचारतात, "काय म्हणतीये गं पोरगी?" पाकीट आलं की मात्र चष्मा पुसून, दार लोटून वाचतात. तर हे वाचावं, आणि वाचून झालं की शिरूरला व्याह्यांकडे, दादांकडे, पोचतं करावं. दादांनाही ते पहिल्यांदा फोडल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून डिंकाने नीट चिकटवावं. मागच्या वेळी भात लावून चिकटवलं होतं, ते शिरूरला लगेच कळलं.

इथे ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँकांच्या सुट्टीचा असतो. बँकेत काम असो नसो, सगळा देश गाडी काढतो. आम्हीही काढली. तीन दिवसांत दोन मित्रांची घरं आणि तीन ऐतिहासिक स्थळं, असा तुमच्या जावयांचा बेत होता. डॅशबोर्डवर रांजणगावचा महागणपती, मागच्या सीटवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, आणि खबरदारी म्हणून दोन छत्र्या. गाडी मोटरवेला लागायच्या आतच पैज लागली. सुरुवात त्यांनी केली. म्हणाले, "इंग्रज लोक उगाच जुनं जुनं करतात. यांच्याकडे जे आहे, त्याला जोड आमच्या शिरूर तालुक्यात सापडते." मी म्हटलं, "आणि दौंडात?" ते म्हणाले, "दौंडात स्टेशन आहे." अण्णा, तुम्ही असतात तर तिथेच साखळी ओढली असती. ती साखळी मी बोटांवर मोजत ओढली: प्रत्येक ठिकाणाला एक गुण. शिरूर का दौंड, हिशेब माझ्याकडे.

पहिलं ठिकाण स्टोनहेंज. हे म्हणजे माळावर उभ्या केलेल्या शिळा, काहींवर आडव्या शिळा, सगळं मिळून सुमारे साडेचार हजार वर्षांचं. तिथे जायचा ए 303 नावाचा रस्ता बरोबर शेजारून जातो, आणि जो तो गाडी हळू करून मान वळवतो, त्यामुळे मैलभर रांग. जावई म्हणाले, "दिसलं की! आता तिकीट कशाला?" तिकिटाचे रुपये करून सांगितल्यावर ते दोन मिनिटं गप्प होते. नव्या कापडाचा भाव ऐकल्यावर दादा होतात ना, तसे. तरी काढलं. तिकीटघरापासून शिळा दोन-अडीच किलोमीटर लांब, मध्ये बस. गेल्यावर भोवती दोरी. दोरीच्या आत शिळा आणि कावळे, बाहेर आपण, आणि पलीकडे मेंढ्या. त्यांना तिकीट नाही.

तिथे जावयांनी इनामगाव काढलं. खरंच सांगते, तयारी करून आले होते. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी 1968 पासून पुढे पंधरा वर्षं खणून काढलेलं गाव. ताम्रपाषाण युगातलं, साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700. शंभरावर घरं सापडली, त्यातलं एक पाच खोल्यांचं, म्हणजे पाटलाचं म्हणा. मी म्हटलं, हे लोक हजार वर्षांनी पुढे आहेत, गुण इंग्लंडला. तर म्हणाले, "यांनी धोंडे उभे केले. राहायचे कुठे? आमच्याकडे चूल आहे, बळद आहे, नदीचं पाणी वळवून आणायला पाट आहे." म्हणजे पाण्याच्या पाळीवरून भांडणंही तेव्हापासूनची असणार, हे मी म्हटलं.

मग त्यांनी पायांची गोष्ट सांगितली. इनामगावात माणूस गेला की घरातच जमिनीखाली पुरायचे. लहान मूल असेल तर दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात. आणि मोठ्या माणसाला पुरताना पावलं घोट्यापासून तोडून टाकायचे. त्याने उठून कुठे जाऊ नये, असा त्यामागचा विचार असावा, असं अभ्यासक म्हणतात. हे सांगून जावई एकदम थांबले. समोर शिळा, वर ढग, हातात गार दशमी. म्हणाले, "शिरूरच्या माणसाने घर सोडू नये म्हणून तीन हजार वर्षांपूर्वी एवढा बंदोबस्त होता. आणि आपण इथे आलो." मला उगाच गलबलून आलं, म्हणून शिरूरला एक गुण दिला. पुढे तो परत घ्यायचा प्रयत्न केला, पण लिहिलेला खोडायचा नाही असं ठरलं होतं.

रात्री बाथला यांच्या हॉस्टेलच्या मित्राकडे उतरलो. त्याची बायको केरळची, त्यामुळे जेवण उत्तम. एवढं सांगून पुढे जाते, कारण आईला पदार्थ कळले की कृती मागेल.

बाथ म्हणजे नावाप्रमाणे न्हाणीघर. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेलं. पाणी अजून 46 अंशांनी वर येतं, हिरवंगार दिसतं, वाफा निघतात. आणि पाटी काय, तर पाण्याला हात लावू नये! न्हाणीघराला तिकीट काढून जायचं आणि कोरडं बाहेर यायचं. शेवटी एका नळाला तेच पाणी प्यायला ठेवलंय, औषधी म्हणून. त्यात त्रेचाळीस क्षार आहेत म्हणे. लोक घोट घेतात आणि एकमेकांची तोंडं बघतात. मी एका दमात गिलास संपवला. आई, शपथेवर सांगते, आपल्या बोरचं पाणी! तेच कोमट, तेच लोखंड, शेवटी जिभेला तोच चुना. इथल्या लोकांनी त्यावर शहर वसवलं. आपण त्यावर फिल्टर बसवला. दौंडला एक गुण. जावई म्हणाले, चवीवर गुण नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगाड्यावर घेतलात.

मग शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये, बाथ अ‍ॅबीमध्ये, यांचं भलतंच सुरू झालं. तिथल्या भिंतींवर बोट ठेवायला जागा नाही इतक्या स्मरणशिळा आहेत. कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थानात पैसा कमावून म्हातारपणी बाथला हवापाण्याला आलेले पुष्कळ साहेब त्यात आहेत. पेन्शनरांचं गाव, म्हणजे त्या काळची सदाशिव पेठ. जावई एकेक शिळा वाचत हिंडायला लागले. काय शोधताय विचारलं, तर म्हणे, "वॉलेस."

अण्णा, ही गोष्ट मला नव्हती माहीत, दादांना असेल. शिरूरला कंपनीची छावणी होती तेव्हा कर्नल वॉलेस नावाचा साहेब तिथे होता. 1809 साली तो गेला, शिरूरलाच पुरला. आणि गावाने त्याला सत्पुरुष केला! 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये चक्क लिहिलंय की आसपासच्या गावांतले लोक सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणतात. एवढं ठसक्यात सांगून यांनी दारावरच्या स्वयंसेवक आजींना गाठलं आणि आपल्या शिरूरच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तुमचा एक माणूस आमच्या गावात देव झाला आहे."

आजी म्हणाल्या, "हाऊ लव्हली!" इथे सगळंच लव्हली असतं, पाऊस आला तरी आणि थांबला तरी. मग त्यांनी विचारलं, असं त्याने काय केलं होतं? जावई म्हणाले, "चांगला माणूस होता." आजींनी विचारलं, कबर कशी आहे? यांनी हातांनी हवेत काहीतरी उंच काढलं, मग ते थोडं बुटकं केलं, मग विषय बदलून छताचं कौतुक सुरू केलं. मी हे मनात टिपून ठेवलं. तरी वॉलेसचा गुण दिला. शिरूर दोन, दौंड एक.

आता स्विंडन. अण्णा, इथून पुढे सावकाश वाचा.

स्विंडनला माझी वर्गमैत्रीण असते, आपल्या रेल्वे कॉलनीतली, गार्डकाकांची धाकटी. तिच्या घराकडे जाताना एक चौक लागतो. चौक म्हणते, पण तसा तो चौक नाही. मध्ये एक गोल, आणि त्याच्याभोवती पाच छोटे गोल, प्रत्येकाभोवती गाड्या फिरताहेत. बाहेरच्या गोलांत घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं आणि आतल्यात उलटं. हे 1972 पासून आहे, आणि लोकांनी प्रेमाने त्याला जादूचा गोल म्हणायला सुरुवात केली. जावई आत शिरले ते बाहेर येईनात. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तोच पेट्रोलपंप, तीच बाई कुत्रं घेऊन, आणि तिने आता हात केला. मी म्हटलं, "आमच्या चौफुल्याला चार रस्ते आणि एक हवालदार, मनुष्य बरोबर केडगावला जातो." ते म्हणाले, "बोलू नकोस, मी मोजतोय." नकाशावालीसुद्धा दमून गप्प झाली.

शेवटी डावीकडे एक गल्ली दिसली तिथे गाडी लावायला लावली आणि मी स्टिअरिंगवर बसले. डोळे मिटून आपलं स्टेशन आठवलं. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की काय व्हायचं? इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळाने मागे जायचं, मागून येऊन शेपटाला लागायचं, आणि ज्या तोंडाने गाडी आली त्याच तोंडाने परत निघाल्यासारखी निघायची. नवा माणूस घाबरून खिडकीतून ओरडायचा, "अहो, पुण्याला परत चाललो की काय?" आपण फलाटावरून वडापाव खात बघायचो. तेच केलं. घाई नाही, भीती नाही, एका गोलातून दुसऱ्यात, तोंड फिरवलं आणि बाहेर. आता तिकडे कॉर्ड लाइन झाल्यामुळे काही गाड्या दौंडला तोंड न फिरवताच जातात असं कळलं. ती विद्या आता बहुधा माझ्यातच शिल्लक राहणार. दोन-दोन.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने रेल्वेच्या संग्रहालयात नेलं. स्विंडन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना. 1843 ला सुरू झाला, 1986 ला बंद पडला. वाफेचं शेवटचं इंजिन इथे 1960 साली बनलं. त्या कारखान्याच्या इमारतीतच संग्रहालय आहे. जावई आधी ऐटीत होते, कारण त्यांनी कुठेतरी वाचलं की या रेल्वेचा पहिला इंजिनिअर ब्रुनेल याने रूळ सात फूट पाव इंच रुंद टाकले होते, आणि आपले पाच फूट सहा इंच. मी खाली वाचलं: 1892 पर्यंत ते सगळे रूळ काढून टाकले. आपले आहेत तिथेच आहेत.

आत एका इंजिनापाशी निळ्या डगल्यातले एक काका उभे होते. वय तुमच्याएवढं. तरुणपणी याच कारखान्यात होते. मला म्हणाले, आत चढून बघा. चढले. फायरबॉक्सचं दार, आणि त्याला टेकवून ठेवलेलं फावडं. अण्णा, तेच! दांडा छोटा, पातं लांबट, आणि मूठ हातांनी गुळगुळीत झालेली. मी सांगितलं की माझे वडील दौंडला आधी फायरमन होते, मग ड्रायव्हर झाले. काकांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. मग विचारलं, दरवाजा पायाने उघडायचा का हाताने? कोळसा कसला? घाटात किती मारावा लागायचा? मला जे तुमच्या तोंडून ऐकलेलं ते सांगत गेले. काका म्हणाले, आम्ही याच फावड्यावर अंडं फोडायचो आणि बेकन भाजायचो. मी म्हटलं, आमच्याकडे बोंबील. बोंबील म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. वासापर्यंत आल्यावर त्यांना कळलं. मागे रांगेतली पोरं खोळंबली होती, त्यांच्या आया काही बोलल्या नाहीत. जावईही नाहीत. त्यांनी खाली उभं राहून खिशातला कागद काढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: दौंड तीन.

आता खरी गोष्ट. रात्री मैत्रिणीने विचारलं, "इनामगावला आता काय बघायला मिळतं?" जावई पापड मोडत बसले. शिरूरहून इतकं जवळ, पण गेलेच नाहीत. वॉलेसची कबर? "लहानपणी त्या बाजूला क्रिकेट खेळायचो." मी हसायला लागले, तर मैत्रीण माझ्याकडे वळली, "आणि तू गं, पेडगावचा बहादूरगड पाहिलास?" भीमेपलीकडे, दौंडहून जवळच. मोगलांच्या बहादूरखानाला मराठ्यांनी थोड्या फौजेची हुलकावणी देऊन बाहेर काढला आणि मागे उरलेल्यांनी त्याचा तळ लुटला, ही गोष्ट मी वक्तृत्व स्पर्धेत सांगून कप आणलाय. गड पाहिलेला नाही. जावई लगेच म्हणाले, "शिवाय तो श्रीगोंद्यात येतो, दौंडचा गुण नाहीच." आपण मात्र दोरीबाहेरून धोंडे बघायला पन्नास मैल गाडी हाणतो.

तर विनंती अशी. पाऊस उघडला की तुम्ही आणि दादा मिळून जा. आधी पेडगाव, मग थोडी वाकडी वाट करून इनामगाव, शेवटी शिरूरला वॉलेससाहेब. गाडी दादांची, स्टिअरिंगवर तुम्ही. दादांना बाजूला बसून रस्ता सांगू द्यावा, पण ऐकू नये. आयांना मागे बसवा, डबा त्यांच्याकडेच असणार. तिन्ही ठिकाणी काय आहे ते आणि फोटो कळवा. नुसता अंगठा चालणार नाही.

इकडे सर्व कुशल. चटणी संपली.

तुमची,
धाकटी

ता. क. त्या काकांनी निघताना एक विचारलं, ते मला सांगता आलं नाही. बोंबील भाजायच्या आधी फावडं धुवायचात का नुसतं आगीत धरायचात? मैत्रीण पुढच्या रविवारी तिकडे जाणार आहे, निरोप द्यायचा आहे. आईसमोर विचारलं तर अण्णा "धुवायचो" म्हणतील, म्हणून वेगळं लिहून पाठवावं.