श्री. २.३६ यांस खुले पत्र

मु. पो. लोहारा, ता. जि. यवतमाळ

प्रति,
सन्माननीय श्री. २.३६,
शेवटचा रकाना, निष्पत्ती प्राप्ती तक्ता,
बीसीए विभाग.

विषय : आमचे विद्यार्थी आपण आमच्यापेक्षा चांगले ओळखता, त्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

स. न. वि. वि.

मी लोहाऱ्यात राहतो आणि रोज एसटीने जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवायला जातो. कोणतं ते विचारू नका. आपण तिथेही असता आणि शेजारच्या कॉलेजातही असता, त्यामुळे नावाने काही फरक पडत नाही. अकरा वर्षं मी डेटाबेस शिकवतो आहे. वर्गात बासष्ट मुलं. कोण रात्री पेट्रोल पंपावर काम करून सकाळी पेंगतो, कोण गावची बस चुकली की दोन तास उशिरा येतो, कोण दुसऱ्याच्या प्रॅक्टिकलवर आपलं नाव टाकतो, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी ‘मुलं नेमकं काय शिकली?’ असं विचारलं की मी घसा खाकरतो, खिडकीबाहेर पाहतो, आणि ‘तसं म्हटलं तर...’ अशी सुरुवात करतो. आपलं तसं नाही. आपण शेवटच्या रकान्यातून शांतपणे सांगता : तीनपैकी २.३६. पाहुणे मान डोलावतात. चहा येतो.

आपलं घराणं मोठं आहे. मूळ पुरुष बेंजामिन ब्लूम. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी १९५६ साली शिकण्याच्या पायऱ्या लावून दिल्या. २००१ साली त्यांच्या शिष्य-सहकाऱ्यांनी त्या नव्याने रचल्या : आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. पुढे विल्यम स्पेडी यांनी आग्रह धरला की मास्तरने किती शिकवलं ते राहू द्या, पोराला शेवटी काय करता येतं ते दाखवा. १३ जून २०१४ रोजी भारत इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत सीओ आणि पीओ, म्हणजे विषयाची निष्पत्ती आणि अभ्यासक्रमाची निष्पत्ती, ही भावंडं मुक्कामाला आली. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या २.६ या कलमातून ती आमच्यासारख्यांच्या घरात शिरली. २०२४-२५ पासून बीसीए तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, छत्राखाली गेलं, प्रवेशाला सीईटी लागली, आणि आपला पाट कायमचा मांडला गेला.

खरं सांगतो, स्पेडी यांचा आग्रह मला पटला होता. त्याआधी आमच्याकडे मोजमाप एकच : पोर्शन संपला का? संपला. मग मुलं शिकली. मास्तरचं बोलून झालं म्हणजे पोराच्या डोक्यात गेलं, असा सरळ हिशेब. त्यापेक्षा ‘पोराला काय येतं?’ हा प्रश्न शंभर पटींनी चांगला. आपल्या कुळाशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं आहे ते फक्त आपल्या जन्माबद्दल, कारण त्या वेळी मी खोलीत हजर होतो.

आधी क्रियापदं निवडली. सीओमध्ये ‘समजणे’ हा शब्द चालत नाही. तो मोजता येत नाही म्हणे. ब्लूम यांच्या शिडीवर ती चक्क दुसरी पायरी आहे, पण आमच्या तक्त्यात तिला प्रवेश नाही. म्हणून लिहिलं : ‘विद्यार्थी दिलेल्या परिस्थितीसाठी डेटाबेसची रचना करतील.’ भारदस्त वाक्य. मग परीक्षेत प्रश्न घातला : ‘नॉर्मलायझेशन म्हणजे काय? तिन्ही नॉर्मल फॉर्म उदाहरणासह लिहा.’ नॉर्मलायझेशन म्हणजे एकच माहिती दोनदा लिहावी लागू नये म्हणून तक्ते वेगळे करणं. उदाहरण कोणतं, तर मी विद्यार्थी असताना वहीत उतरवलेलं, विद्यार्थी-विषय-शिक्षक हेच. निष्पत्ती रचनेची, प्रश्न पाठांतराचा. दोघांची पत्रिका लग्न ठरल्यावर जुळवून घेतली.

नंतर मॅपिंग. आडव्या ओळीत पीओ, उभ्या ओळीत सीओ, आणि प्रत्येक चौकोनात १, २, ३ किंवा आडवी रेघ. पर्यावरण आणि शाश्वत विकास या पीओपुढे डेटाबेसचा चौकोन रिकामा दिसत होता. रिकामा चौकोन तपासणीत डोळ्यांत भरतो, म्हणून तिथे १ टाकला. कारण लिहिलं : ‘डेटाबेसमुळे कागदाची बचत होते.’ या वाक्याचा पुरावा म्हणून जी फाइल तयार झाली तिला दोन रीम कागद लागले, तेही एकाच बाजूला छापून.

आणि मग आपला जन्म. अंतर्गत चाचणीत साठ टक्क्यांवर गुण मिळवणारी मुलं वर्गात ऐंशी टक्के असली तर पातळी ३, सत्तर टक्के असली तर २. चाचणी आमची, पेपर आमचा, तपासणारे आम्ही. बासष्टपैकी त्रेपन्न मुलं रेषेच्या वर गेली. पातळी ३. विद्यापीठाच्या परीक्षेत तेवढं दैव नव्हतं. पातळी २. विद्यापीठाला वजन ऐंशी टक्के, अंतर्गतला वीस, म्हणून १.६ अधिक ०.६, म्हणजे २.२. ही झाली प्रत्यक्ष प्राप्ती. तिला पुन्हा ऐंशी टक्के वजन आणि उरलेले वीस टक्के मुलांच्या सर्वेक्षणाला. सर्वेक्षण शेवटच्या दिवशी मोबाइलवर झालं, सबमिशनची सही घ्यायला रांग लागलेली असताना. ‘आपण डेटाबेसची रचना करायला शिकलात काय?’ सगळ्यांनी तीन दिले. एकाने तर पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म चुकून उघडला आणि न शिकवलेल्या विषयालाही तीन देऊन टाकले. पातळी ३. आता १.७६ अधिक ०.६. आपण जन्मलात, दोन दशांश स्थळांसह. खोलीत टाळ्या वाजल्या नाहीत, पण ज्या पोराने शीटचं सूत्र बसवलं त्याला समोसा मिळाला.

लक्ष्य २.३ होतं, हेही सांगून टाकतो. ते आपल्या जन्मानंतर ठरलं.

साहेब, मी कापसाच्या जिल्ह्यातला माणूस. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात माझे वडील संकलन केंद्रावर बंडी घेऊन रात्र रात्र रांगेत असत. ग्रेडर यायचा, गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढून धागा ओढून पाहायचा. त्याच्यावर लोक चिडायचे, त्याला शिव्या घालायचे, पण हात त्याने कापसातच घातलेला असायचा. आता ओलावा मोजायचं मशीन आहे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. कुणाला पटो न पटो, मशीनची सुई कापसात खुपसली जाते. सातबाऱ्यात नाही, शेतकऱ्याच्या अर्जात नाही. इथे आमच्या एमआयडीसीत डेनिम विणलं जातं. कापड आटतं किती हे पाहायला ते धुवावंच लागतं. ‘तुम्ही आटणार नाही ना?’ असा फॉर्म कापडाकडून भरून घेत नाहीत. आम्ही मात्र आमची सुई फाइलीत खुपसतो, आणि फाइल कायम कोरडी असते.

आता एका मुलीबद्दल लिहितो. आपली तिची ओळख नसावी.

प्रॅक्टिकलच्या तासाला मी सांगितलं होतं, घरातल्या कुठल्याही नोंदीचा डेटाबेस बनवा. बहुतेकांनी ग्रंथालय बनवलं. घरात ग्रंथालय कुणाच्याच नव्हतं. ही मागच्या बाकावर बसलेली, मोबाइलवरचा सातबारा मोठा करून पाहत होती. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये मोबाइलवर आली तेव्हापासून घरच्या पिकाची नोंद हीच करते. मला हाक मारून म्हणाली, ‘‘सर, सातबारा एक हाय, नावं चार हायेत. आजी, बाबा अन् दोन काका. प्रायमरी की कोनती धरू जी?’’

प्रायमरी की म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण. मी म्हणालो, गट क्रमांक धर.

‘‘पन मोठ्या काकाचं नाव दुसऱ्या गटावर बी हाय. मंग त्याचं नाव, पत्ता दोनदा लिहाव लागते. अन् उद्या हिस्से पडले त गटाचे बी तुकडे होतीन.’’

मी गप्प राहिलो. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही, मला तासाच्या शेवटी जे सांगायचं होतं तिथे ती आधीच पोचत होती म्हणून. तिने पेन्सिलने वहीत दोन चौकोन काढले, एक खातेदारांचा, एक गटांचा. दोघांच्या मध्ये बराच वेळ रिकामी जागा ठेवली. मग त्या जागेत तिसरा छोटा चौकोन काढला आणि त्यात लिहिलं : ‘हिस्सा’. कोणाचा, कोणत्या गटात, किती. आजीचं नाव आता एकदाच लिहावं लागणार होतं. १९७० साली एडगर कॉड यांनी ज्या मांडणीचा पाया घातला तिचं मर्म या पोरीने आजीच्या वावरातून काढलं होतं. तिने मात्र मान वर करून एवढंच विचारलं, ‘‘असं चालते का जी?’’

चाचणीत तिने तेच लिहिलं. तिन्ही नॉर्मल फॉर्मच्या व्याख्या मागितल्या होत्या. तिने एकही धड लिहिली नाही, सातबारा काढला आणि तीन चौकोन काढले. आदर्श उत्तरात सातबारा नव्हता. मी दहापैकी चार दिले. दुसऱ्या कुणी नाही, मीच दिले, लाल पेनाने, आणि शेजारी लिहिलं : ‘व्याख्या लिहाव्यात.’ त्रेपन्नांत ती नाही. साठ टक्क्यांच्या रेषेखाली राहिलेल्या नवांत ती आहे. तिला दहापैकी दहा दिले असते तरी त्रेपन्नचे चौपन्न झाले असते आणि पातळी तीनच राहिली असती. आपल्या अंगावर ओरखडाही उठला नसता. आमच्या वर्गात ज्या एका पोरीने निष्पत्तीत लिहिल्याप्रमाणे खरोखर रचना केली, ती असली काय नि नसली काय, आपण २.३६ च.

तेव्हा आपल्याकडे एक अर्ज आहे. आपण राजीनामा द्यावा असं मी म्हणत नाही. आपल्यामागे संसार मोठा आहे, समन्वयक आहेत, फाइली आहेत. फक्त वर्षातून एक दिवस सुट्टी घ्या. त्या दिवशी आम्ही मुलांना एक खरं काम देऊ : दूध संकलनाची वही, पाणीपट्टीची थकबाकी, जिनिंगच्या काट्यावरच्या पावत्या. प्रत्येक गट आपली रचना मांडेल आणि समोर ती वही रोज लिहिणारा माणूस बसेल, मास्तर नाही. तो विचारेल, ‘एका शेतकऱ्याने सकाळी गाईचं आणि संध्याकाळी म्हशीचं दूध घातलं तर तुमच्यात कुठं दिसेल?’ पोर पंधरा मिनिटं उत्तर देईल. आम्ही शेजारी बसून चारच गोष्टी टिपू : प्रश्न कळला का, रचना टिकली का, चूक दाखवल्यावर सुधारता आली का, समोरच्याला त्याच्या भाषेत सांगता आलं का. याला दोन रीम कागद लागणार नाहीत, पर्यावरणाच्या चौकोनातला १ खरा ठरेल. आणि स्पेडी यांना जे दाखवून हवं होतं, ते निदान एकदा कुणाच्या डोळ्यांसमोर घडेल.

यात गैरसोय आहे, मान्य करतो. त्या दिवशी ऐंशी टक्के मुलं रेषेच्या वर जातीलच याची खात्री नाही. पण ओला कापूस कोरडा म्हणून काट्यावर चढवला तर जिनिंगमध्ये तो कळतोच. आमचा नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत कळतो, आणि तिथून गाडी परत येते ती थेट आईबापाच्या दारात.

कळावे. रकान्यात लोभ असावा.

आपला,
एक सहायक प्राध्यापक
(सीओ समन्वयकपदाचा अतिरिक्त कार्यभार)

प्रत माहितीसाठी : श्री. १.५७, मॅपिंग २ चा चौकोन. आपण श्री. २.३६ यांना दोनने गुणून तीनने भागल्यावर जन्मता, म्हणून वेगळं पत्र पाठवत नाही.

ता. क. पुढच्या वर्षासाठी आपलं लक्ष्य २.४५ ठरलं आहे. बैठकीत सर्वानुमते मंजूर झालं, सह्या झाल्या. परवा गंमत म्हणून मी आपलं सूत्र फळ्यावर लिहिलं आणि मुलांना म्हटलं, २.४५ करून दाखवा. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, अंतर्गत तीन, सर्वेक्षण तीन, हे त ठरलेलंच हाय. विद्यापीठाचं दोनाचं तीन झालं की सरळ ३.०० येते. मंधात काहीच नाही जी. २.४५ होतच नाही.’’

मी बसून हिशेब करून पाहिला. होत नाही.

तिचं हे वाक्य कोणत्या सीओखाली टाकायचं, ते कृपया कळवावं.