सोळावे मिनिट

डिचोली-पेडण्यात वाड्यागणिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि ग्रुपागणिक एक निवृत्त मास्तर. गोवामुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या. त्यांत शिकून, पुढे त्यांतच शिकवून घरी बसलेली ही पिढी. तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून आता वाडा तपासतात.

कुणाची आजी गेली की ‘भावपूर्ण श्रध्दांजली’ची रांग लागते. मास्तर मध्येच शिरतात : “श्रद्धांजली. आधी द, मग ध. ईश्वर आत्म्यास शांती देवो.” शांती आजीच्या आत्म्यास की जोडाक्षराच्या, हे विचारण्याची कुणाची छाती नाही.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२चे चार, असे अठराही त्यांना तोंडपाठ. गीतेचे अध्यायही तेवढेच, हा त्यांच्या मते योगायोग नव्हे.

आपल्याकडे बोलणे कोकणीत आणि नाटकाचे हस्तपत्रक मराठीत, यात कुणाला कधी अडचण आली नाही. अडचण मोबाइलने केली. लोक बोलतात तसेच लिहू लागले. एका पोराने लिहिले, “नळाक उदक ना. कितें जालां?” मास्तरांचे उत्तर तत्पर : “अनुस्वार अनावश्यक. १९६२पासून रद्द.” पोराने कोकणी लिहिली होती, तिथे तो अनुस्वार नाकातून स्पष्ट ऐकू येतो. पण देवनागरीत दिसले ते मराठी, असा मास्तरांचा एकोणिसावा नियम आहे. नळाचे काय झाले ते कुणीच सांगितले नाही.

खरे तर चूक दिसली की त्या माणसाला बाजूला गाठून सांगावे. पाठवलेला निरोप दुरुस्त करायला व्हॉट्सअ‍ॅप १५ मिनिटे देते; तेवढ्यात त्याची अब्रू वाचते. मास्तर नेमके सोळाव्या मिनिटाला येतात, आणि चारचौघांत. आमदारांच्या वाढदिवसाच्या फलकावर ‘हार्दीक’ असले तर मात्र नुसता अंगठा. तिथे म्हणे चूक छापखान्याची असते.

बायकांनी यावर बोलके निरोप पाठवायचा तोडगा काढला. मास्तरांनी उच्चार सुधारायला घेतले.

शेवटी पोरांनी ग्रुप फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा केला आणि अ‍ॅडमिन मास्तरांनाच केले. आता जो तो मजकूर त्यांच्याकडे पाठवतो, ते तपासून टाकतात. घाई अजिबात नाही. परवा पेडण्याच्या पुनवेला निघणाऱ्या गाडीचा निरोप आला : “गाडी संध्याकाळी ७ वाजता देवळाकडून सुटेल.” ऱ्हस्व-दीर्घ चोख, विरामचिन्हे जागच्या जागी. पडला सव्वाआठला. ‘सुटेल’चे ‘सुटली’ करायला मास्तरांकडे अजून १५ मिनिटे होती.